पाव किलोचा चार्जर

आमच्या उंद्रीत माझ्या हाताला मान आहे. तोंडाला नाही. तोंडाबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि ते काही खोटं बोलत नाहीत. पण हाताबद्दल कोणी शब्द काढणार नाही. वांगी असोत, भोपळा असो, नाहीतर कोणाचं नुकतं जन्मलेलं लेकरू असो, मी हातात धरलं की वजन सांगते आणि काट्यावर ठेवलं की तेवढंच भरतं. एकदा अंगणवाडीतल्या बाईंनी एका पोराचं वजन केलं, वहीत लिहिलं आणि पोर माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "बाई, हे तर अर्धा किलो कमी हाय. काटा पाहा तुमचा." त्यांना राग आला. मग मलाही आला. शेवटी काटा उघडून पाहिला, तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. तेव्हापासून त्या बाईही मला विचारतात.

तीस वर्षं मी अमडापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसले. माझ्या सासूनं मला तिथं दोनच गोष्टी शिकवल्या. काट्याला बोट लावायचं नाही, आणि माप झालं की वरून काहीतरी टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाची पिशवी सोडायची नाही. चार मिरच्या टाक, सांभाराच्या दोन काड्या टाक, पण टाक. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिचं नाव हेच. सासू फार कडक होती, माझ्यापेक्षा कडक, म्हणजे समजून घ्या. मी या दोन्ही गोष्टी आजवर पाळल्या.

एकदाच पाळल्या नाहीत. एकदाच मी जाणूनबुजून खोटं वजन सांगितलं. ते भाजीचं नव्हतं, लॅपटॉपच्या चार्जरचं होतं. आणि जिला सांगितलं ती माझी सून.

सून मेहकरकडची. घरांचे नकाशे काढायचं शिकून आलेली. रिकाम्या प्लॉटचा फोटो घेते आणि कॉम्प्युटरवर त्याच्यात घर उभं करून दाखवते, रंगासगट, जिन्यासगट, दुपारी खिडकीतून ऊन कुठवर येईल तेसुद्धा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "अवं बाप्पा! हे तर बांधून बी झालं." मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे. तिघा मित्रांत मिळून एक खोली, आठवड्याच्या सुट्टीला घरी येणार, धुणं टाकणार, जेवणार, झोपणार, जाणार. तिथं दोघांना राहायला जागा नाही म्हणून लग्नानंतर ती माझ्याजवळच राहिली. एक वर्ष, मग दुसरं.

त्याच्याआधी चार वर्षं मी घरात एकटी होते. मालक गेले आणि घरात बोलायला माणूस राहिला नाही. माझ्यासारख्या बाईला बोलायला माणूस नसणं म्हणजे काय, ते मी सांगत नाही. मी बैलाशी भांडायची. बैल विकला मग रेडिओशी. अशा घरात ही पोरगी आली, ओसरीच्या कोपऱ्यात टेबल लावून बसली, आणि दिवसभर तिच्या बोटांची टकटक सुरू झाली. मी खाली बसून मेथी निवडायची, ती वर बसून घरं बांधायची. मी बाजारातल्या बायांच्या तक्रारी सांगायची, ती स्क्रीनवरची नजर न काढता "हाव का? मंग?" म्हणायची. बरोबर जागी "मंग" म्हणणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

एकदा तिनं मला आमचंच घर काढून दाखवलं. सगळं तसंच, फक्त स्वयंपाकघरात चुलीसमोर एक खिडकी जास्तीची. मी विचारलं, ही काऊन? तर म्हणते, "आई, तुम्ही तीस वर्षं वावराकडं पाठ करून भाकरी थापून राह्यल्या. इथून तुमाले वांग्याचा पट्टा दिसंल." मी उठून उगाच गाईला पाणी पाजायला गेले. गाईनं आत्ताच पाणी पिलं होतं.

तर असं सगळं चाललेलं असताना तिचा जुना लॅपटॉप बसला. मधूनच काळा पडायचा. आणि नेमकं त्याच दिवसांत संभाजीनगरच्या एका ऑफिसातून तिला काम आलं, मोठ्या इमारतींचं. ऑफिसवाल्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर संभाजीनगरला येऊन राहा, रोज ऑफिसात या. तिथं मोठाले कॉम्प्युटर आहेत, अवघड काम त्यांच्यावर होतं. तुझ्याजवळ जागेवर न्यायला आणि लोकांना दाखवायला एक हलकासा लॅपटॉप असला की झालं. नाहीतर घरीच बसून काम कर आणि आठवड्यातून दोनदा येऊन जा. पण मग सगळी घरं तुझ्याच लॅपटॉपवर उभी राहणार, तर तो दमदार पाहिजे. दमदार म्हणजे जड, हे ओघानं आलंच.

मुलाचा फोन आला. म्हणाला, एक खोली पाहून ठेवली आहे, वेगळी, दोघांपुरती. आई, तू काय म्हणते? मी म्हटलं, "मी काय म्हणू बे, तुमचं तुम्ही पाहा." म्हणजे पाहा, पोटात एक आणि ओठात एक. हलका घेतला म्हणजे ती जाणार, जड घेतला म्हणजे राहणार, एवढी सरळ गोष्ट होती. आणि मला ती जायला नको होती. लाज वाटते लिहायला, पण नको होती. लेकाचा संसार तिकडे मांडला जाईल याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. 

तिचं स्वतःचं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मला म्हणाली, "आई, जड घेतला तर मी इथंच राहीन. पण दोनदा जायचं म्हणजे उंद्रीवरून चिखली, चिखलीवरून संभाजीनगर, मंग स्टँडवरून पायी. मले ते वजन झेपते का, ते आधी पाहू." आणि काय केलं माहीत आहे? कॉलेजची जुनी पाठीवरची बॅग काढली, माझा काटा काढला, आणि अडीच किलो कांदे मोजून बॅगेत भरले. रोज सकाळी ते कांदे पाठीवर घेऊन बसथांब्यापर्यंत जायची, तिथून पार शाळेच्या पुढं, आणि परत. गाव पाहत राहिलं. शेजारीण मला विचारते, "काय वं, तुझी सून कांदे हवेले नेऊन राह्यली का?" मी म्हटलं, "तुझ्यासारखे सडवून राह्यली नाही, हे तरी बरं."

अडीच झेपले. पावणेतीन झेपले, थोडे दमवून. तीन किलो केले त्या दिवशी परत आली ती चेहरा पडलेला आणि एक हात खांद्यावर. "आई, पावणेतीनच्या वर नाही," ती म्हणाली. "पावणेतीनच्या आत बसलं तर जड घेऊ. नाही बसलं तर हलका." ते कांदे आम्ही मग पिठल्यात घातले. इतकं गाव फिरलेले कांदे मी जन्मात चिरले नव्हते.

चिखलीला दुकानात गेलो. दुकानदारानं दोन लॅपटॉप टेबलावर ठेवले. हलका राखाडी रंगाचा, वहीसारखा, एका हातात मावणारा. दुसरा काळा, जाड, मागं जाळ्या असलेला, सुरू केला की गिरणीसारखा घुर्र करणारा. सुनेनं दोन्हींवर तिचं एकेक घर उघडून पाहिलं. राखाडीवर घर यायला वेळ लागला, आधी भिंती आल्या, मग छप्पर, मग कुठं रंग. काळ्यावर चुटकीसरशी आलं. तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, झालं, हाच घेणार.

"वजन?" तिनं विचारलं.

"दोन किलो चारशे," दुकानदार म्हणाला. "पण ते चार्जर सोडून. कंपनी चार्जर धरत नाही."

"चार्जरचं किती?"

"असंल चारपाचशे ग्रॅम. आमी काही मोजलं नाही, ताई."

दुकानात काटा नव्हता. त्यानं खोका उघडला आणि चार्जर काढून दिला. चार्जर कसला, वीटच ती, जाडजूड वायर गुंडाळलेली. सुनेनं तो हातात घेतला, भुवया वर गेल्या. मग हात लांब करून माझ्या तळहातावर ठेवला. "आई, तुमी सांगा."

ज्या क्षणी तो माझ्या हातावर आला त्या क्षणी मला कळलं. आठशे पन्नास. त्यात काही शंका नव्हती, मोठं वांग्याचं भरीत करायला जेवढी वांगी लागतात तेवढं. दोन चारशे आणि आठशे पन्नास म्हणजे सव्वातीन किलो. म्हणजे हलका. म्हणजे संभाजीनगर. म्हणजे ओसरीत टकटक नाही, "हाव का? मंग?" नाही.

मी म्हटलं, "पाव किलो."

"पाव किलो? मले तर लय जड लागून राह्यला."

"तुझे हात माऊस धरायचे. तुले पाटीवरची पेन्सिल बी जड लागते. नवी वस्तू जड लागतेच, पोरी."

ती हसली. स्वतःच्या हातावर नाही, माझ्या हातावर विश्वास ठेवला तिनं. बोटांवर हिशेब केला, दोन चारशे आणि अडीचशे, दोन सहाशे पन्नास. "बसलं!" म्हणाली. "आई, बसलं!" आणि दुकानदारासमोर माझा हात धरून दाबला. मी दुसरीकडे पाहिलं. तिथं भिंतीवर प्रिंटरची जाहिरात होती, ती मी पूर्ण वाचली.

काळा लॅपटॉप घरी आला. टेबलावर बसला, घुर्र करायला लागला. टकटक पुन्हा सुरू झाली. आठवड्यातून दोनदा ती सकाळच्या बसनं जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मी जिंकले होते. जिंकलेल्या माणसाला जेवण गोड लागतं म्हणतात. मला लागेना.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाहते तर ती बसमधून उतरली की बॅग आधी थांब्याच्या कट्ट्यावर टेकवायची, दोन मिनिटं उभी राहायची, आणि मग चालायला लागायची. मी घ्यायला गेले की म्हणायची, "राहू द्या आई, मी घेतो." मला हात लावू द्यायची नाही. डबा न्यायचा बंद केला. पाण्याची मोठी बाटली गेली, अर्ध्या लिटरची आली. मग तीही गेली. "स्टँडवर पाणी भेटते ना," म्हणाली. मी काय समजायचं ते समजले. चोराच्या मनात चांदणं.

आणि बाजारात माझा हात चुकायला लागला. एका म्हाताऱ्यानं लाल भोपळा पुढं केला, म्हणाला, बाई सांग पाहू. मी म्हटलं, तीन किलो. भरला पावणेचार. म्हातारा म्हणतो, "म्हातारी झाली काय वं तू?" मी त्याला असं काही झापलं की बिचारा भोपळा तिथंच ठेवून गेला. त्याचं काय चुकलं होतं? हात दाखवून अवलक्षण माझंच.

एका रविवारी ती न्हाण्याआधी माझ्यापुढं बसली, केसांना तेल लावून घ्यायला. केस वर घेतले, मान मोकळी केली, आणि पाहिलं. दोन्ही खांद्यांवर पट्ट्याचे वळ. डावीकडे कातडी काळी पडलेली, आणि तिथं तिनं औषधाची चिकटपट्टी लावून वरून पदर घेतलेला. माझा हात थांबला.

"काय झालं आई?"

"काही नाही. बस सरळ."

मी तेल कोमट करून आणलं, मीठ टाकलं, खांदे चोळले. ती डोळे मिटून म्हणाली, "आई, किती बरं वाटून राह्यलं." त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ज्या हातानं घाव घातला त्याच हातानं मी तेल चोळत होते आणि वर कौतुक ऐकत होते. माझी सासू वरून पाहत असेल तर तिनं कपाळावर हात मारला असेल. तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या काट्याला बोट लावलं नाही, आणि लावलं ते घरच्या पोरीच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीत शेंगा सोलत होती. मी बाजाराचा काटा आणला, तिच्यापुढं मांडला. तिच्या बॅगेतून लॅपटॉप काढला, काट्यावर ठेवला. वर चार्जर ठेवला. लाल आकडे पळाले आणि थांबले. तीन किलो दोनशे पन्नास.

"पाह्य," मी म्हटलं. "मी तुले खोटं सांगतलं. चार्जर पाव किलोचा नाही. आठशे पन्नासचा हाय. दुकानातच मले समजलं होतं."

तिनं काट्याकडे पाहिलं. हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "मले माहीत हाय, आई."

"कधीपासून?"

"आणला त्याच दिवशी. तुमी गाईचं दूध काढाले गेल्या, तवा मी याच काट्यावर ठेवून पाह्यला."

मला वाटलं, माझ्या कानशिलात बसली. "मंग बोलली काऊन नाही? तेव्हाच परत करता आला असता!"

"काय बोलू? तुमचा हात कधी चुकत नाही. अख्खं गाव म्हणते. मंग मी म्हटलं, हात चुकला नाही. मंग पाव किलो काऊन म्हटलं असंल." तिनं आणखी एक शेंग फोडली. "मंग समजलं. आईले मी इथं पाह्यजे."

 ती पुढं म्हणाली, "मी म्हटलं नेऊन पाहू चार-सहा महिने. मले वजनाची सवय होईल, अन् तुमाले..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. तरी मला कळलं. मला एकटं राहायची सवय व्हावी म्हणून तिनं सव्वातीन किलो पाठीवर वाहिले होते. नवऱ्याला सांगितलं नाही, माहेरी सांगितलं नाही, वळांवर पदर घेतला.

आता अशा वेळी माणसानं काय करावं? पोरीला जवळ घ्यावं. मी भडकले. लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जन्माची खोड. "मले काय लेकरू समजली का तू? मी तुले म्हटलं होतं का माह्यासाठी ओझं वाह्य म्हणून?" असं बरंच काय काय. शेंगांचं ताट लवंडलं. मग मी खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले. मालक गेले तेव्हा लोकांसमोर रडले नव्हते, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं. तिनं आधी शेंगा गोळा केल्या आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला. 

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ऊठ. चिखलीले चल."

"कशाले?"

"हा परत द्यायचा. हलका घ्यायचा."

"आई, हलका घेतला म्हणजे—"

"मले माहीत हाय हलका घेतला म्हणजे काय. ऊठ म्हणतो तर ऊठ."

ती नाही नाही म्हणत होती. म्हणाली, उन्हाळ्यानंतर पाहू. म्हणाली, दिवाळीनंतर पाहू. मी ऐकलं नाही. तिनं तिची सगळी घरं एका छोट्या डबीत उतरवून घेतली, आणि बॅग मी पाठीवर घेतली. पन्नास किलोचं पोतं उचलणारी बाई मी, पण खरं सांगते, चिखलीच्या स्टँडवरून दुकानापर्यंत जाईस्तोवर मी तीन वेळा खांदा बदलला. पोतं टाकता तरी येतं. हे वरच राहतं आणि हाडात घुसतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते उगाच नाही.

दुकानदार आधी तयार होईना. वापरलेला माल परत घेत नाही म्हणाला. मग मी तोंड उघडलं. ते इथं लिहीत नाही, कारण त्यात त्याची काही चूक नव्हती. शेवटी जुन्याच्या भावात घ्यायला कबूल झाला आणि राखाडी काढून समोर ठेवला. "काकू, लोक लहान देऊन मोठा नेतात. तुमी उलटं करून राह्यल्या," म्हणाला. मी म्हटलं, "आमचं घरच उलटं हाय. चार्जर दे इकडं."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी डाव्या हातावर लॅपटॉप घेतला, उजव्यावर चार्जर, आणि डोळे मिटले. "लॅपटॉप एक किलो तीनशे. चार्जर दोनशे वीस. दीड किलोच्या वर वीस ग्रॅम." शेजारी किराण्याचं दुकान होतं, तिथला काटा दुकानदारानं आणवला. एक किलो पाचशे वीस. दुकानदार म्हणाला, "माय वं!" सुनेनं काट्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

महिना संपायच्या आत ती निघाली. उंद्रीच्या थांब्यावर आम्ही दोघी उभ्या. तिची एक कपड्यांची पेटी, आणि पाठीवर ती कांद्यांची जुनी बॅग, आत राखाडी लॅपटॉप. सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मी त्या बॅगेत थोडं काही टाकलं होतं. माप झाल्यावर वरून काही टाकल्याशिवाय मी आजवर कोणाची पिशवी सोडली नाही, तिची कशी सोडीन? तिनं बॅग पाठीवर घेतली आणि थांबली. पट्टा ओढून पाहिला.

"आई, बॅगेत काय टाकलं?"

"काही नाही वं."

"किती?"

"पाव किलो."

ती असं हसली की शेजारच्या बाया वळून पाहायला लागल्या. हसता हसता वाकली, माझ्या पाया पडली, आणि वर उठली तेव्हा हसत नव्हती. बस आली. कंडक्टरनं बॅग घ्यायला हात लावला आणि म्हणाला, "ताई, दगड नेऊन राह्यल्या का?" मी म्हटलं, "तुले काय करायचं? बेल मार." बस वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले. मग वावरात गेले, वांगी तोडायची होती.

संध्याकाळी फोन आला. पोचली होती. खोली बरी आहे, खिडकीतून समोरची भिंत दिसते, म्हणाली. "बॅग उघडली आई. ज्वारीचं पीठ, तिखट, मुगाच्या वड्या, तिळाची चटणी अन् भरताची चार वांगी. वांगी इथं भेटत नाहीत का?"

"भेटतात. आपल्यासारखी नाही."

मागून मुलाचा आवाज आला, बॅग उचलून माझा हात निखळला, आईचा काटा तपासून घ्या म्हणे. मीही हसले. मग मुलगा पाणी भरायला गेला असावा, कारण तिचा आवाज हळू झाला.

"आई, जेवल्या का?"

"जेवली."

"ओसरीत बसल्या का?"

"हाव." मी तिच्या टेबलाशेजारी खालीच बसले होते, मेथीची जुडी पुढ्यात घेऊन. टेबलावर काहीच नव्हतं. मी सकाळी ते पुसलं होतं.

"एकटं वाटून राह्यलं का? खरं सांगा."

मी थोडा वेळ मेथी निवडत राहिले. मग म्हटलं, "वाटून राह्यलं. पाव किलो."

 माझा पाव किलो किती भरतो, ते तिनं काट्यावर ठेवून पाहिलं होतं.

"शनिवारी येतो, आई," ती म्हणाली.